घरचा खेळाडू घरी खेळायला हवा

दर वर्षी आयपीएल आलं की आमच्या शाळेच्या ग्रुपवर भांडण ठरलेलं. 2024 ला हार्दिकवरून पेटलं, रोहितला बाजूला करून त्याला मुंबईचा कॅप्टन केला आणि वानखेडेवर घरच्याच पब्लिकने त्याची हुर्यो उडवली, टॉसच्या वेळी संजय मांजरेकरला लोकांना 'बिहेव' म्हणून सांगावं लागलं. 2025 ला यशस्वी जैस्वाल. मुंबई सोडून गोव्याकडून खेळतो म्हणून त्याने एनओसी मागितली, महिना-सव्वा महिन्यात परत मुंबईकडूनच खेळतो म्हणाला, पण तेवढ्यात तो गद्दार ठरून मोकळा झाला होता. आणि ऋतुराजचा विषय तर बारमाही आहे, पोरगा आपला जुन्या सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अ‍ॅकॅडमीत घडलेला, आणि कॅप्टन कुणाचा तर चेन्नईचा.

मग कुणीतरी मला टॅग करतं, की तू सांग गं, तिकडचे, अमेरिकेतले, फॅन किती मॅच्युअर असतात ते सांग या येड्यांना, आपले लोक एक दिवस डोक्यावर घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुतळे जाळतात. हे वाक्य मला मनापासून खटकतं. आपल्या लोकांवर हा आरोप करणं अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी जिथे राहते तिथल्याच एका खेळाडूवरून सांगते.

मी मिनेसोटात, सेंट पॉलला राहते. इथला घरचा पोरगा म्हणजे जो मावर, बेसबॉलवाला. ज्यांनी कधी बेसबॉल बघितला नाही त्यांच्यासाठी, तो कॅचर होता, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखं काम, पण अख्खी मॅच उकिडवं बसून, तोंडावर जाळी लावून, शंभर-दीडशे बॉल घ्यायचे. या कामात गुडघे आणि पाठ एवढी जाते की कॅचरकडून कुणी फार बॅटिंगची अपेक्षाच ठेवत नाही. या पठ्ठ्याने तीन वेळा, 2006, 2008 आणि 2009 ला, अख्ख्या अमेरिकन लीगचं (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) बॅटिंग टायटल, म्हणजे सगळ्यात जास्त सरासरीचा मान, जिंकलं. त्याच्या आधी त्या लीगमध्ये एकाही कॅचरला ते एकदासुद्धा जमलं नव्हतं. 2009 ची सरासरी .365, म्हणजे हजार वेळा बॅटिंगला आला तर 365 हिट, आणि या खेळात तीनशेला सुद्धा लोक सलाम करतात.

पण सेंट पॉलच्या माणसाला हे आकडे विचारायला जाऊ नका, तो शाळेपासून सुरू करेल. क्रेटिन-डेरहॅम हॉल ही इथलीच शाळा. तिथे अख्ख्या हायस्कूलच्या बेसबॉलमध्ये पोरगा फक्त एकदा स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल मारता न आल्याने आउट, झाला, अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत जागा तयार होती ती सोडली, वडिलांनी पाइप जोडून एक जुगाड केलं होतं ज्यात वरून बॉल टाकला की तो पटकन समोर पडायचा आणि पोरगा गॅरेजमध्ये त्यावर हात बसवायचा. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, उन्हाळ्यात रोज संध्याकाळी गॅरेजचं शटर वर, खुर्ची बाहेर, शेल्फवर रेडिओ, आणि रेडिओवर ट्विन्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमची, मॅच. हे सगळं मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं, आणि ते असं सांगतात जसं काही भावकीतल्या पोराचं सांगतायत.

आता मॅच्युअर फॅनचं ऐका. 2001 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे त्यात, पहिला नंबर ट्विन्सचा होता आणि त्यांनी मावरला घेतलं, तेव्हा ओरड झाली की मार्क प्रायरसारखा तयार पिचर (आपला बॉलर) सोडून घरचा पोरगा घेतला कारण तो स्वस्तात येतो. पुढे 2010 ला आठ वर्षांचा 18 कोटी 40 लाख डॉलरचा करार झाला, तेव्हाच्या भावाने आठशे कोटी रुपयांच्या वर. 2011 ला करार लागू झाला आणि त्याच वर्षी पायांनी दगा दिला, पायातली ताकद गेली असं कारण टीमने दिलं, 162 पैकी 82 मॅच खेळला, होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, फक्त तीन. टीम 99 मॅच हरली. झालं. घरच्या मैदानावर हुर्यो झाली त्याची, हो, त्याच सेंट पॉलच्या पोराची. रेडिओवर फोन करून लोक हिशोब मांडायचे, वर्षाला दोन कोटी तीस लाख डॉलर घेतो आणि पाय दुखतात म्हणून घरी बसतो. आमचे शेजारी पण त्यातलेच, मावरने सेकंड बेसकडे जमिनीलगत फटका मारून डबल प्ले दिला, म्हणजे एका फटक्यात दोघं आउट, की खुर्चीवर हात आपटून म्हणायचे, बघ, परत तेच! त्यात नवीन स्टेडियमसाठी हेनेपिन काउंटीने, म्हणजे शेजारच्या मिनीॲपोलिसच्या जिल्ह्याने, 0.15 टक्के सेल्स टॅक्स लावलेला, तोही लोकांचं मत न घेता, त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं की याचा पगार माझ्याच खिशातून जातोय.

मग ऑगस्ट 2013 मध्ये एक फाउल टिप, म्हणजे बॅटला निसटता लागून मागे आलेला बॉल, थेट मास्कवर आदळली, मेंदूला मार बसला, आणि त्याचं कॅचिंग कायमचं सुटलं. 2014 पासून फर्स्ट बेसवर फिल्डिंग. लोकांनी तिथेही सोडलं नाही, फर्स्ट बेसवाल्याने होमरन मारायला पाहिजेत, हा सिंगल्स मारतो, एवढे पैसे कशाला. डोक्याची दुखापत बाहेरून दिसत नाही ना, त्यामुळे लोकांना दया येत नाही, हे जगभर सारखंच आहे आणि मला त्याचा आजही राग येतो.

तर सांगायचं हे की इथलं पब्लिक काही संत नाही. फरक कुठे आहे तो मी 30 सप्टेंबर 2018 ला बघितला, लेकीला घेऊन मी स्टेडियममध्ये होते. सीझनचा शेवटचा दिवस, तो निवृत्त होणार हे अजून जाहीर नव्हतं पण सगळ्यांना कळून चुकलेलं. सुरुवातीलाच त्याच्या जुळ्या मुली पळत फर्स्ट बेसवर येऊन त्याला बिलगल्या. सातव्या इनिंगला त्याने डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसऱ्या बेसपर्यंत पोचला. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला डगआउटमधून जो माणूस बाहेर आला त्याच्या अंगावर कॅचरची छातीवरची ढाल, पायाला पॅड, हातात मास्क, पाच वर्षांनी. एका सेकंदात अख्खं स्टेडियम उभं. समोरच्या शिकागोच्या टीमचे खेळाडू सुद्धा टाळ्या वाजवत होते. तो उकिडवा बसला, एक बॉल घेतला, फक्त एक, आणि उठून आत गेला. आमच्या पुढच्या रांगेतला दणकट माणूस सात नंबरचा शर्ट घालून हुंदके देत होता, आणि मला खात्री आहे की पगाराचा हिशोब करणाऱ्यांत तोही असणार. पंधरा सीझन, 1858 मॅच, एकाच शहरात, एकाच टीमकडून. पुढे 2019 ला त्याचा सात नंबर रिटायर केला, म्हणजे तो परत कुणाला द्यायचा नाही, आणि जानेवारी 2024 ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली तीही पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी, 75 टक्के मतं लागतात आणि याला 76.1 मिळाली, पाच मतं कमी पडली असती तर तो बाहेरच राहिला असता, त्या दिवशी इथली माणसं निवडणुकीचा निकाल बघावा तशी टीव्हीला चिकटलेली.

हे प्रेम कुठून आलं? माझ्या मते संस्कृतीबिंस्कृती सोडा, दिवस मोजा. बेसबॉलमध्ये घरच्या मैदानावर वर्षाला 81 मॅच होतात. एप्रिलमध्ये बर्फ पडत असताना सुरू होतं ते सप्टेंबर संपेपर्यंत. स्टेडियम भर शहरात, ट्राम स्टेडियमच्या दारात सोडते. एवढं रोजचं बघणं असलं की माणूस चिडतो पण आणि दुसऱ्या दिवशी परत रेडिओ लावतो पण. आता आपलं बघा. आयपीएलमध्ये घरच्या मैदानावर सात मॅच. दर तीन-चार वर्षांनी मेगा ऑक्शन, सगळे पत्ते पिसून पुन्हा वाटायचे. सात संध्याकाळीत कसला जिव्हाळा लागणार? पाचव्या मॅचला रुसलात तर समजूत निघायला उरतात दोन.

आणि आपल्याकडे जिथे दिवस मिळाले तिथे आपणही अगदी सेंट पॉलसारखेच वागलोय की. सचिन. फेब्रुवारी 1988 ला आझाद मैदानावर शारदाश्रमकडून कांबळीबरोबर 664 ची भागीदारी केली तेव्हापासून मुंबई त्याला ओळखते, शाळेचा पोरगा म्हणून. त्याच सचिनला मार्च 2006 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या टेस्टला वानखेडेवर हुर्यो ऐकावी लागली, मला त्या बातमीने तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण तेच वानखेडे नोव्हेंबर 2013 ला ढसाढसा रडलं. हार्दिकला हुर्यो देणाऱ्या वानखेडेनेच जुलै 2024 ला वर्ल्डकप आल्यावर त्याच्या नावाचा गजर केला. येडे नाहीयेत हो आपले लोक. जीव लावायला आसुसलेले आहेत, लावायला जागा पाहिजे.

पुण्याची गोष्ट तर मला जास्तच लागते कारण ते माझं गाव. डिसेंबर 1948 ला याच पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केले, ब्रॅडमनच्या 452 ला नऊ कमी असताना समोरच्या टीमने पुढे खेळायलाच नकार दिला. त्यांना एकही टेस्ट मिळाली नाही. कोल्हापूरच्या जुन्या माणसांना विचारा, त्यांच्यासाठी ते कायम आमचे भाऊसाहेबच. एका रणजी मॅचवर हे टिकलंय! आणि आज महाराष्ट्राची रणजी मॅच गहुंजेला, एक्सप्रेस वेच्या कडेला, जिथे स्वारगेटवरून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. स्वारगेटचं नेहरू स्टेडियम, जिथे 1996 च्या वर्ल्डकपमध्ये केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं, ते शहराच्या मधोमध आहे. वर्षातली एक रणजी मॅच तिथे ठेवा, रविवार धरून ठेवा, शाळांना फुकट सोडा. कॉर्पोरेशन आणि असोसिएशनने बसून ठरवलं तर खर्च असा कितीसा आहे?

आणि आयपीएलवाल्यांसाठी एक. 2008 ला पहिल्या ऑक्शनच्या वेळी आयकॉन प्लेयर म्हणून नियम होता, सचिन मुंबईचा, गांगुली कोलकात्याचा, द्रविड बंगलोरचा, सेहवाग दिल्लीचा, युवराज मोहालीचा, त्यांची बोलीच लागली नाही. नंतर तो नियम गेला. परत आणा. प्रत्येक टीमला आपल्या राज्यातला एक खेळाडू ऑक्शनच्या बाहेर, त्याच्या मर्जीने, ठेवता आला पाहिजे. तेव्हा मग जो सोडून जाईल त्याला हवं ते बोला. आज जैस्वालला गद्दार म्हणणाऱ्यांपैकी किती जण बीकेसीला त्याची रणजी इनिंग बघायला गेले होते ते आधी ग्रुपवर हात वर करून सांगा, मग आपण पुढचं भांडू.