ती अवजारं कामाची नव्हतीच

सध्या एक फॉरवर्ड फोटोसकट फिरतोय. इजिप्तच्या मंदिराखाली सापडलेली सुतारकामाची अवजारं खेळण्यासारखी आहेत, पाती तांब्या-काशाची आहेत, वापरल्याची खूण नाही. म्हणजे ती नंतर कुणीतरी पुरली, आणि मंदिर बांधणारे यंत्रं असलेले वेगळेच लोक होते, असा त्याचा दावा. हयात सुतारकामात घालवलेल्या माझ्या वडिलांना तो पटला. म्हणून हे लिहितोय.

फोटोतली अवजारं इजिप्तमधल्या लक्झरजवळच्या देर अल-बहरीची आहेत. इ.स.पू. 15व्या शतकात हत्शेपसुत या स्त्री-फॅरोने तिथे मंदिर बांधलं. आखणीच्या वेळी खड्डे खणून त्यांत वाकस, पटाश्या, मोगऱ्या, भांडी आणि अन्न ठेवलं गेलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 1920च्या दशकात यांतले बरेच खड्डे उघडले.

अवजारं वापरलेली नाहीत, हे खरं. वडिलांची नजर इथे चुकलेली नाही. असल्या पात्याने लाकूड तासता येणार नाही. पण ती देवाला वाहण्यासाठीच बनवली होती. रोजच्या कामाची अवजारं बघायची तर त्याच शतकातल्या रेखमिरे या इजिप्शियन वजिराच्या थडग्यातली चित्रं बघा: वाकसाने तासणारे, करवतीने फळ्या कापणारे, सामत्याने भोकं पाडणारे सुतार तिथे रांगेने दिसतात.

‘नंतर पुरली’ हा तर कहर आहे. अवजारांच्या दांड्यांवर हत्शेपसुतचं राजनाव लिहिलंय, ‘मातकारे’. त्याच्यापुढे ‘अमून देवाची लाडकी, मंदिराची दोरी ताणली तेव्हा’, असा मजकूर. दोरी ताणणं म्हणजे मंदिराची आखणी करण्याचा विधी. आता पुढचं बघा. हत्शेपसुतच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिच्या सावत्र मुलाच्या, फॅरो तिसऱ्या थुटमोसच्या कारकिर्दीत तिचं नाव भिंतींवरून छिन्नीने खरवडलं गेलं, पुतळे फोडले गेले. पुढे फॅरो सेती पहिल्याने अबिडोसच्या मंदिरात कोरलेल्या राजांच्या यादीतही ती नाही. ज्या राणीचं नाव वरून पुसलं, तिच्याच नावाची अवजारं मुद्दाम बनवून, दांड्याला चामड्याच्या वादीने पातं आवळून, जमिनीखाली कोण पुरेल? आणि कुणाला फसवायला? खड्डे बुजलेले होते, म्हणूनच तिथली नावं शाबूत राहिली.

तांब्याने दगड कापता येत नाही, हा पुढचा मुद्दा. हे मंदिर चुनखडीचं आहे आणि मऊ चुनखडीवर तांब्याची छिन्नी चालते. ग्रॅनाइटवर नुसतं तांबं चालत नाही, मान्य. तिथे तांब्याच्या पात्याखाली वाळू टाकून घासतात. प्राचीन इजिप्शियन अवजारांवर प्रयोग करणारे संशोधक डेनिस स्टॉक्स यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलंय.

शेवटी ‘हे आपलं भूमिपूजनच, आपणच त्यांना शिकवलं’ अशी एक ओळ आहे. इमारतीच्या पायात वस्तू पुरण्याची रीत मेसोपोटेमियातही, म्हणजे आजच्या इराकच्या भागातही होती. उर-नम्मू राजाच्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या धातूच्या मूर्ती मंदिरांच्या पायातच सापडल्या. तेवढ्यावरून कुणी कुणाला शिकवलं हे ठरत नाही, आणि त्या वाकसाला दांडा बसवणाऱ्या इजिप्शियन सुताराचं श्रेय आपल्याकडे ओढायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही.