ओळंबा घेऊन आलेले काका

गोल्फ शिकणाऱ्या माणसाने लोकांकडून सहानुभूतीची अपेक्षा करू नये हे मला कळतं. तरी कालचं सांगतेच, कारण राग अजून उतरलेला नाही आणि घरात कोणालाही ऐकायचं नाहीये.

शहराबाहेरच्या एका ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, सेव्हन आयर्न नावाच्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, बॉल मारत होते. बॉल नेहमीसारखे उजवीकडे पळत होते, मी मुकाट्याने पुढचा ठेवत होते, एवढंच. तेवढ्यात पाठीमागून आवाज, "बाळा, तुझं प्लेन चुकतंय."

माझा मुलगा बारावीला आहे हो.

मागे वळून बघते तर पांढरी टोपी, पांढरे बूट, कडक इस्त्रीची पँट, आणि त्या पँटच्या खिशातून काकांनी काय काढावं? ओळंबा. खराखुरा, पितळी, गवंड्याचा, दोरीसकट. "पीडब्ल्यूडीत हयात गेली माझी," काका म्हणाले, "भिंत असो नाहीतर स्विंग, ओळंब्यात पाहिजे." आणि माझ्या नाकासमोर तो धरून एक डोळा मिटून बघायला लागले.

आता इथे प्लेनचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर काकांची खरी उंची कळायची नाही. स्विंग करताना, म्हणजे बॉल मारायला क्लब फिरवताना, तो फिरतो एका तिरक्या पातळीत, तेच प्लेन. बेन होगन या अमेरिकेच्या दिग्गज गोल्फरने १९५७ साली हे समजावताना एक भलीमोठी काच कल्पिली, बॉलपासून खांद्यांपर्यंत तिरकी टेकवलेली, मधल्या भोकातून खेळाडूचं मुंडकं बाहेर, आणि सांगितलं की बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे नेताना, हात काचेच्या खालून न्या, काच फोडू नका. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, दांडा लांब, बॉल पायांपासून दूर, म्हणून पातळी जास्त आडवी. वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांचा क्लब, आखूड, म्हणून जास्त उभी. पण काहीही घ्या, तिरकी ती तिरकीच. आणि ओळंबा तर सरळ खाली लटकतो, तेच तर त्याचं एकमेव काम आहे.

मी म्हणलं, "काका, प्लेन तिरकं असतं ना?"

"तेच सांगतोय मघापासून. तुझं तिरकं जातंय."

"नाही म्हणजे, तिरकंच जायला पाहिजे."

"कोणी सांगितलं?"

"कोचने. आणि बेन होगनने."

"होगन? आपला मेंबर आहे?"

यावर मी काय बोलणार होते? मला वाटतं काकांनी टीव्हीवर पटिंगच्या वेळी, म्हणजे बॉल भोकात ढकलताना, कोणीतरी डोळ्यासमोर त्यासाठीचा क्लब, पटर, लोंबकळता धरलेला पाहिला असणार. तसं करतात लोक, ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताचा, उतार कुठल्या बाजूला आहे ते बघायला. त्यातून काकांनी अख्खं शास्त्र उभं केलं. बरं, नुसतं उभं करून थांबले असते तरी चाललं असतं, पण मग त्यांनी ओळंब्याची दोरी सोडवून माझ्या पायाशी अंथरली आणि अलाइनमेंट, म्हणजे उभं राहायची दिशा, हातात घेतली. "पंजे, कंबर, खांदे, सगळं झेंड्याकडे. डाव्या खांद्यावरून झेंडा दिसला पाहिजे. अजून वळ. अजून."

हे तर साफ चूक आहे. झेंड्याकडे बघायचं ते क्लबफेसने, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूने. शरीर त्या रेषेला समांतर, किंचित डावीकडे, रेल्वेच्या दोन रुळांसारखं. खांद्यावरून झेंडा दिसेपर्यंत वळलात की तुम्ही भलतीकडेच उजवीकडे बघत असता, ते शरीराला आतून कळतं, मग ते खाली येताना जीव खाऊन खांदे डावीकडे ओढतं, क्लब बाहेरून आत कापत येतो, आणि बॉल वळतो उजवीकडे. म्हणजे जो आजार मला आधीच होता त्याचंच औषध म्हणून काकांनी मला अजून एक डोस दिला. मी दोन-चार मारले, सगळे उजव्या जाळीत. काका म्हणाले, "बघ, हट्टीपणा करतेस. दे इकडे."

आणि माझ्या हातातून क्लब घेतला. आणि माझ्या बास्केटमधले बॉल मारायला लागले. माझ्या पैशांचे.

पहिला उजवीकडे. "वारा आहे." दुसरा उजवीकडे. "हा क्लब लेडीज आहे ना, हलका पडतो." बॉल सुटतो कुठल्या दिशेला हे मुख्यतः क्लबफेसवर ठरतं, वळतो किती हे फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकावर, रडार लावून मोजतात हल्ली हे सगळं. वारा असतोही मध्ये कधी, पण काल झाडाचं पान हलत नव्हतं. मी उभी राहून बघत होते आणि मनात बास्केटचा तळ मोजत होते.

खरं चिडायचं कारण वेगळंच आहे. शेजारच्या बेमध्ये, म्हणजे बॉल मारायच्या कप्प्यात, एक पंचविशीतला पोरगा होता, त्याचा एकही बॉल जमिनीवरून नीट उठत नव्हता, एक तर खांबाला लागून मागे आला. त्याला काका काय म्हणाले? "वा, ताकद आहे!" त्याच्यासाठी ओळंबा निघाला नाही, दोरी नाही, बाळा नाही. रेंजवर बाई एकटी दिसली की तिला शिकवायची कोणाची तरी ड्यूटी लागलेलीच असते, मग त्या माणसाचा स्वतःचा हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, काही का असेना. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग बघा, क्लब वर जातो एकीकडून, मध्येच गिरकी घेतो, खाली येतो भलतीकडून, आणि २०१६ साली त्याच माणसाने पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, अठरा भोकांची फेरी अवघ्या ५८ फटक्यांत संपवली. त्याच्या मागे नाही कोणी ओळंबा घेऊन धावलं!

माझा कोच, ज्याला मी रीतसर फी देते, तो पलीकडे चहा पीत होता. मी खुणेने बोलावलं तर लांबूनच हात जोडून हसला. नंतर म्हणाला, "मॅडम, काका सगळ्यांनाच सांगतात, जुने मेंबर आहेत, काय बोलणार." सगळ्यांनाच नाही सांगत रे बाबा, मी मोजलंय.

शेवटचा बॉल पण काकांनीच मारला. मग दोरी ओळंब्याला गुंडाळली, ओळंबा खिशात टाकला, क्लब माझ्या हातात दिला आणि जाता जाता म्हणाले, "रविवारी येशील तेव्हा दोन बास्केट घे. एकात काही शिकवून होत नाही."