सूर्य लांब गेला म्हणून थंडी? कोणी सांगितलं?

'उद्या पहाटे ५:२७ पासून पृथ्वी सूर्यापासून दूर जाणार. एरवी अंतर ९ कोटी किमी, आता १५.२ कोटी, म्हणजे ६६ टक्के जास्त! ऑगस्टपर्यंत कधी नव्हे अशी थंडी, ताप, खोकला, अंगदुखी.' वर्षानुवर्षं फिरणारा हाच मेसेज पुन्हा आलाय. यंदा त्याला शेपूटही आहे: 'जो देश सूर्याच्या जवळ तो उष्ण, लांबचा तो थंड.' मावशीचा लगेच फोन, "अगं, मुलांना जप, थंडी वाढणार आहे म्हणे." मावशी निवृत्त शिक्षिका! म्हणून हा खटाटोप.

आधी ते ९ कोटी. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १४.९६ कोटी किमीवर असते आणि शुक्र १०.८ कोटींवर. म्हणजे मेसेजवाल्याच्या हिशेबाने आपण एरवी शुक्राच्याही आतून फिरतो. तिथे आत्ताच्या पावणेतीनपट ऊन पडलं असतं, मेसेज पुढे ढकलायला कोणी उरलंच नसतं. खरे आकडे असे: जानेवारीच्या सुरुवातीला १४.७१ कोटी, जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटी. फरक साडेतीन टक्केही नाही.

बरं, १५.२ हा आकडा खरा, आणि जुलैत पृथ्वीला जानेवारीपेक्षा ७ टक्क्यांच्या आसपास ऊन कमी मिळतं हेही खरं. पण म्हणून थंडी? नासाने केव्हाच सांगून ठेवलंय की पृथ्वी सर्वांत लांब असते त्या जुलैतच तिचं सरासरी तापमान जानेवारीपेक्षा जास्त असतं, तेही २ अंशांहून अधिक. कारण तेव्हा सूर्याकडे कललेला असतो उत्तर गोलार्ध, आणि जगातली बहुतेक जमीन तिकडेच आहे. जमीन पटकन तापते, समुद्र सावकाश. अंतरामुळे जे कमी पडतं ते जमीन भरून काढते, वर उरवतेही.

आता शेपूट. विषुववृत्त ध्रुवापेक्षा सूर्याला फार तर साडेआठ हजार किमी जवळ. १५ कोटींपुढे हे काय? खरा खेळ कोनाचा. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असला की तेच ऊन दुप्पट जागेवर पसरतं, म्हणजे दर चौरस मीटरला निम्मंच.

आणि नुसत्या अक्षांशानेही भागत नाही. आइसलंडची राजधानी रेक्याविक ६४ अंश उत्तरेला, तरी जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास. रशियाच्या सायबेरियातलं याकुत्स्क त्याहून दक्षिणेला, तिथे ते उणे ३५च्याही खाली! एकाला समुद्राची ऊब, दुसरं खंडाच्या पोटात. इक्वेडोरची राजधानी किटो तर विषुववृत्ताला खेटून आणि वर २,८५० मीटर उंचावर, म्हणजे मेसेजच्या न्यायाने सूर्याच्या आणखी जवळ. तिथलं सरासरी तापमान? १५ अंशांच्या आसपास.

ताप-खोकल्याच्या मुद्द्यावर मात्र चीड येते. ते बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. ग्रहाच्या कक्षेचा त्यात काय संबंध? 'सूर्य लांब गेलाय, महिनाभर असंच चालायचं' म्हणून कोणी आजार अंगावर काढला, तर जबाबदार कोण?

पहाटे ५:२७ चं सोडूनच द्या. पृथ्वी जानेवारीपासून रोज थोडी थोडी लांब जातच असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा जवळ यायला लागते. मेसेजने थंडीला जी ऑगस्टपर्यंतची मुदत दिलीय, तेव्हा आपण सूर्याकडे परतत असतो.