एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

ऐन आंब्याच्या हंगामात तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. "फुकटच्या टूलमधून तीन भाषांचा कोड काढतात, वर पैसे घेतात आणि पेट्यांचा हिशोब चुकवतात," असं तुम्ही लिहिलंय. टूल फुकटच आहे. त्याचं नाव प्रोटोकॉल बफर्स: माहितीच्या रकान्यांची एक फाईल दिली की ती माहिती पाठवण्याचा आणि वाचण्याचा कोड ते वेगवेगळ्या प्रोग्रामिंग भाषांत काढून देतं. गूगलने ते २००८ साली सगळ्यांसाठी खुलं केलं, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. पैसे घेतले ते तुमच्या पॅकहाऊसचा सगळा व्यवहार समजून घेऊन अशी रकान्यांची एक फाईल बांधण्याचे. तिच्यातूनच फोनचा जावा, ऑफिसचा पायथन आणि वाशीच्या व्यापाऱ्यांच्या सिस्टीमचा सी शार्प कोड निघतो.

पण "हिशोब चुकवतात" हे जिव्हारी लागलं. त्या फाईलमध्ये प्रत्येक रकान्याला नंबर असतो. ग्रेड ३, डझन ४, वजन ५. फोनवरून माहिती निघते तेव्हा रकान्याचं नाव सोबत जात नाही, नंबर जातो. तुमच्याकडच्या मुलाने ग्रेड काढून टाकली आणि खालचे नंबर वर सरकवले. डझन झालं ३, वजन ४. ऑफिसचा कोड नव्याने काढला, बागेतल्या फोनवर मात्र जुनंच ॲप राहिलं. मग फोनने पाठवलेले ५ डझन ऑफिसात वजनाच्या रकान्यात जाऊन बसले आणि डझनाच्या जागी ग्रेड आली. सगळे पूर्णांकच, त्यामुळे एररही दिसली नाही. काढलेला नंबर 'रिझर्व्ह्ड' करायचा, दुसऱ्या कशाला द्यायचा नाही, हे फाईलच्या सुरुवातीलाच मराठीत लिहून दिलंय. मुलगा हुशार आहे, त्याच्यावर राग नाही. पण हात लावण्याआधी एक फोन करायला हवा होता. टूलने तेच केलं जे फाईलमध्ये लिहिलं होतं.

तुमचा फोन आला त्याच रात्री बसून जुने नंबर परत लावले आणि गाडी सुटायच्या आत पेट्या जुळवून दिल्या. त्याबद्दल रिव्ह्यूत एक शब्द नाही, याचं वाईट वाटतं. मुंबई-पुण्याला न जाता रत्नागिरीतच हे काम करायचं ठरवलंय, इथे नावावरच कामं मिळतात. तुमचा रिव्ह्यू वाचून एका काजूवाल्यांनी ठरत आलेली बोलणी थांबवली.

फाईल बदलली की आधी तपासणी व्हावी, अशी काहीतरी सोय लवकरच करतोय. ऑफिसला या, कोणत्या दिवशी कोणता नंबर बदलला ते समोर बसून दाखवतो. पटलं तर रिव्ह्यूत तेवढी दुरुस्ती करावी, ही विनंती.