दवाखान्याचं बिल भरलं गेलं, घराचं काय?

नागपुरात कूलर मिस्त्रीचं वर्ष होळीला सुरू होतं आणि मृग लागला की संपतं. माझा धाकटा भाऊ गेली चौदा वर्षं हेच काम करतो. माळ्यावरून कूलर उतरवायचा, जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या बसवायच्या, पंप बदलायचा, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवून द्यायचा. या तीन महिन्यांच्या कमाईवर त्याचा वर्षभराचा किराणा, पोराची फी आणि गाडीचा हप्ता निघतो. बाकीचे महिने वायरिंगची किरकोळ कामं.

मागच्या एप्रिलमध्ये नंदनवनात एका घरी शिडी घसरली. तो उभाच्या उभा खाली आला आणि उजव्या टाचेचं हाड फुटलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. डॉक्टरांनी सांगितलं, अडीच महिने हा पाय जमिनीला टेकवायचा नाही.

दवाखान्याचं बिल मेडिक्लेममधून गेलं. ती पॉलिसी मीच मागे लागून काढायला लावली होती, म्हणून मला वाटलं, चला, निभावलं. पण खरी ओढाताण तो घरी आल्यावर सुरू झाली. रोज दहा-बारा फोन यायचे. "भाऊ, कूलर लावून द्या ना, पोरं उकडून राहिली." तो पलंगावर पडल्या पडल्या प्रत्येकाला दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर द्यायचा. एका दुपारी फोन उशाशी ठेवून मला म्हणाला, "माहा सीझन गेला ना वं ताई." जूनमध्ये भावजयीनं पाटल्या गहाण ठेवल्या. मला ऑगस्टमध्ये कळलं.

त्याच्या खात्यातून दरवर्षी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये कापले जातात. म्हणून मी पासबुक घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलानं नीट ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, पाय कायमचा गेला असता तर एक लाख मिळाले असते." नियम तसाच आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर १ लाख. २० रुपयांत एवढं मिळणं मोठी गोष्ट आहे, ती योजना प्रत्येकाकडे असावीच. पण बऱ्या होणाऱ्या पायासाठी तिच्यात एक पैसा नाही, आणि बहुतेक पाय बरेच होतात.

मी शिक्षिका आहे. डेंग्यू झाला तेव्हा अठरा दिवस घरी होते, तरी पगार जमा झाला. हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असतं. कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत त्याला मजुरीच्या ९० टक्के मिळतात, आजारपणात ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. याच शहरात टाटांनी त्यांच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीच्या कामगारांना १८९५ साली अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. देशात कायदा झाला १९२३ मध्ये. मग इतक्या वर्षांनी कूलर मिस्त्री, ऑटोवाला, पेंटर अशा स्वतःचं काम करणाऱ्यांना बुडालेल्या कमाईची भरपाई का नाही? त्या २० रुपयांच्या योजनेत ३० रुपये जास्त घ्या, पण आठवड्याची भरपाई जोडा, असं माझं सरकारला मनापासून मागणं आहे.

तोवर जे बाजारात आहे ते तरी घ्या. वैयक्तिक अपघात विमा मागा आणि त्यात तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा, म्हणजे बरं होईपर्यंत काम बंद पडलं तर मिळणारा, लाभ आहे का, ते तोंडानं विचारा, कारण एजंट स्वतःहून सांगत नाही. बऱ्याच पॉलिसींत आठवड्याला विमा रकमेच्या १ टक्का मिळतो, वर कमाल मर्यादा असते. २०२१ मध्ये सगळ्या सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना सक्तीची झालेली 'सरल सुरक्षा बीमा' ही अपघात पॉलिसी आहे, तिच्यात हा लाभ वेगळा निवडावा लागतो आणि दर आठवड्याला ०.२ टक्के. म्हणजे १० लाखांवर २,००० रुपये. थोडे वाटतात ना? अडीच महिन्यांचे वीस हजारांवर होतात. त्या पाटल्या घरातच राहिल्या असत्या. लक्षात घ्या, हे फक्त अपघातासाठी आहे, टायफॉइडनं पडलात तर नाही. आणि डॉक्टरचं 'कामास अयोग्य' असं तारखेसकट प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून जपा.

मागच्या रविवारी आम्ही दोघं त्याचा फॉर्म भरायला बसलो. नाव, वय, व्यवसाय झालं. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. "किती लिहू ताई? मी तं कधी मोजलंच नाही." मग भावजयीनं तिची किराण्याची वही आणली आणि मार्चपासून आकडे वाचायला सुरुवात केली.