अन्नदानाचा वार कोण ठरवतं?

मुंबईत कुणी उपाशी झोपत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. बहुतेक वेळा पोट भरलेल्या माणसाकडूनच. ते अगदी खोटं आहे असंही नाही. या शहरात फुकट जेवण मिळतं, आणि बऱ्यापैकी मिळतं. फक्त ते देणाऱ्याच्या पंचांगाप्रमाणे मिळतं. हनुमान जयंतीला एकाच गल्लीत तीन भंडारे. सर्वपित्रीला खीर-पुरीचे डबे घेऊन गाड्या फिरतात. कुणाच्या वाढदिवसाला पुलावाची पाकिटं येतात, फोटो निघतात. आणि पुढच्या बुधवारी रात्री नऊ वाजता त्याच फुटपाथवर तोच माणूस खिशातल्या पैशांत दोन वडापाव बसतात की एकच, याचा हिशेब करत असतो.

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास राहणाऱ्यांना हे रोज दिसतं. तिथे फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्यांपैकी बरेच जण रूढ अर्थाने बेघर नसतात. गावाकडे त्यांचं घर असतं, दोन एकर रान असतं, दारात म्हैस असते. इथे मात्र हातात रिपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी आणि पुढच्या केमोची तारीख, एवढंच. हिंगोलीकडचे एक काका, बायकोच्या उपचारांसाठी आलेले, मला म्हणाले, "भाऊ, जेवायला मिळतं हो. पण दुपारी तीन ठिकाणाहून येतं अन् रात्री एकाही नाही. एवढं दुपारचं खाऊन ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं." वर स्वतःच हसले. मला काही हसता आलं नाही.

त्यांना आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, आणि ती जेवणापेक्षा महत्त्वाची. हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग असतो. आधी तिथे जाऊन बसायचं, लाजायचं नाही. राहण्याच्या बहुतेक सोयींचा रस्ता त्यांच्या चिठ्ठीवरूनच जातो. दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, वांद्र्याला टाटाचंच बोर्जेस होम आहे. रुग्ण लहान मूल असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे आईबापांसकट मोफत राहता येतं. जागा लगेच मिळेल याची खात्री कुणीच देणार नाही, पण यादीत नाव तरी लागतं. जेवणाचं म्हणाल तर जीवन ज्योत ट्रस्ट टाटाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना वर्षानुवर्षं जेवू घालतोय. ही सगळी माहिती शहरात आहे. ज्याला ती हवी त्याच्यापर्यंत मात्र ती चहावाल्याकडून, नाहीतर शेजारच्या पथारीवरून पोचते.

मला स्वतःला सगळ्यात पटतो तो लंगर. दादरच्या गुरुद्वारात जा, डोक्यावर रुमाल बांधा, पंगतीत बसा. नाव, गाव, जात, आजार, कुणी काही विचारत नाही. महत्त्वाचं म्हणजे तो उद्याही असतो. आपल्याकडे शिर्डीच्या प्रसादालयातही जेवण रोजचंच असतं. उरलेल्या आपल्या भंडाऱ्यांचं काय सांगू? टोपापेक्षा बॅनर मोठा, आणि बॅनरवर भाताचं शीतसुद्धा नाही, नुसते चेहरे.

माहीम दर्ग्याच्या परिसरातली हॉटेलं तुम्ही पाहिली असतील. बाहेर माणसं ओळीने उकिडवी बसलेली असतात. कुणीतरी येतो, गल्ल्यावर वीस जणांचे पैसे भरतो आणि ओळीतली पहिली वीस माणसं जेवतात. अनेकांना ते दृश्य बघवत नाही. मलाही त्रास होतो. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट आहे जी आपल्या सोसायटीच्या अन्नदानात नाही: जागा ठरलेली आहे. भुकेल्याला कुठे जाऊन बसायचं ते माहीत आहे. देणारा त्याला शोधत फिरत नाही, आणि तोही देणाऱ्याला शोधत फिरत नाही. मात्र पाऊस कोसळत असेल आणि देणारा फिरकलाच नाही, तर ओळ तशीच बसून राहते.

सरकारी शिवभोजन थाळीचं मी कौतुकच करतो. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपये. लॉकडाऊनमध्ये पाच रुपये झाली, २०२१ मध्ये काही महिने फुकटही होती. पैसे मोजून जेवल्यामुळे मान ताठ राहते, हे मी तिथे जेवणाऱ्यांकडूनच ऐकलंय. पण ती दुपारचीच, थाळ्यांचा आकडा ठरलेला, आणि केंद्रचालकांची बिलं महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. त्यामुळे कुणाला पत्ता सांगण्याआधी केंद्र चालू आहे का, ते स्वतः बघून या. बंद शटरसमोर भुकेल्या माणसाला पाठवणं फार वाईट.

आता रात्रीचं. इथे दानधर्म संपतो, कारण झोपायला जागा देण्यात फोटो चांगला येत नाही.

अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच मोठ्या शहरांसाठी सांगून ठेवलंय: एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारा महिने, चोवीस तास उघडा. पुढे केंद्राच्या योजनेत एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय आणि माणशी पन्नास चौरस फूट, हेही लिहिलं गेलं. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सव्वाशे निवारे. आपल्या वॉर्डातला एक तरी कुठे आहे, सांगू शकाल? त्याच जनगणनेने शहरात सुमारे ५७ हजार बेघर मोजले होते. रात्री कामावर असलेले, पुलाखाली आत सरकून झोपलेले, हाकलतील या भीतीने उठून गेलेले त्यात कितपत आले असतील, याची मला शंका आहे.

"निवारे रिकामे पडतात, हे लोकच जात नाहीत," असंही ऐकवलं जातं. जात नाहीत, खरंय. का जातील? नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको-पोरं दुसऱ्या टोकाला. दादरच्या फूलबाजारात पहाटे चारला पोचायचंय आणि निवारा तीन स्टेशनं लांब. गाठोडं ठेवायला कपाट नाही. आणि भीती. अजूनही गाडी थांबली की लोक पांगतात, कारण चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेतील असं वाटतं. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस भटकतोय, एवढंही पकडायला पुरतं. पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. ज्या मुंबईच्या नावाने तो कायदा झाला तिथे तो उभा आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये बेघरांना तीन वेळचं जेवण, पाणी, निवारा आणि स्वच्छतागृहं मिळावीत अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात होती. बेघरांनीही काम करावं, सगळंच सरकार पुरवू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. कोर्टाचा मान राखून विचारतो, ते काम करत नाहीत हे कुणी ठरवलं? नाक्यावर सकाळी उभे राहणारे, कॅटरिंगची पोरं, भंगार वेचणाऱ्या बायका, गजरे ओवणाऱ्या म्हाताऱ्या. लग्नात तुम्हाला बासुंदी वाढणारा मुलगा हॉल धुऊन झाल्यावर कुठे जातो, कधी विचारलंत?

गंमत बघा, मतदार यादीत नाव घालायला पत्त्याचा कागद नसेल तर बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री येऊन माणूस त्या जागी झोपतो का हे बघायचं, अशी सोय निवडणूक आयोगाने केलीय. मतापुरता फुटपाथ हा पत्ता असतो. रेशनच्या खिडकीवर तोच पत्ता सांगून बघा.

तर या वर्षी कुणी वाढदिवसाचं किंवा श्राद्धाचं अन्नदान करणार असेल तर माझी एक विनंती. शंभर पाकिटं एका दिवशी वाटण्याऐवजी दहा माणसांची दहा रात्रींची सोय करा. एखाद्या खानावळीत आगाऊ पैसे भरा, तारखा ठरवा आणि त्या माणसांना त्या सांगा. सणासुदीचे आणि एकादशीचे दिवस सोडूनच द्या, तेव्हा वाली भरपूर असतात. भर पावसाळ्यातला मधलाच एखादा आठवडा पकडा.

आणि परळ, दादर, शिवडी भागात रात्री आठनंतर जेवण कोण देतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी खाली वार, वेळ आणि नेमकी जागा लिहा. "तिथे नेहमी असतं" असं लिहू नका. मी जाऊन बघणार आहे, आणि जे खरंच चालू असेल त्याचीच यादी मराठी-हिंदीत करून समाजसेवा विभागाच्या दारात आणि त्या चहावाल्याच्या टपरीवर चिकटवणार आहे.