भंगारात देण्याआधी: जुन्या मशीनवर लिनक्सला डिस्क का दिसत नाही

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला पाच-सहा ग्रुपवर आला. शिक्षकांच्या ग्रुपवर, नाशिकमधल्या अंबडच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर, अगदी सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: विंडोज १० बंद झालं म्हणून जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायच्या नादी लागू नका. इन्स्टॉलरला हार्ड डिस्क दिसत नाही, कारण लिनक्सकडे जुन्या हार्डवेअरचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम) नसतात. २०२१ मध्ये तर त्यांनी आयडीईचा (जुन्या डिस्कच्या चपट्या केबलच्या जोडणीचा) सपोर्टच काढून टाकला. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आणून द्यावा लागतो आणि तो आता मिळत नाही. डिस्कचे एरर आले म्हणजे डिस्क गेली, शिवाय लिनक्समुळे जुन्या डिस्क लवकर जातात. तेव्हा मशीन भंगारात द्या आणि नवीन घ्या.

हा मेसेज वाचून सिन्नर तालुक्यातल्या एका शाळेने सहा कॉम्प्युटर व्हरांड्यात काढून ठेवले होते. कोअर टू ड्युओ प्रोसेसरची मशीनं, धुळीने माखलेली, पण एकाचंही कॅबिनेट फुटलेलं नाही. भंगारवाल्याशी किलोचा भाव ठरला होता. तिथल्या सरांनी फोन केला, "एकदा तुम्ही नजर टाकून जा, मग देऊन टाकतो." नाशिकहून सिन्नर काही लांब नाही. रविवारी गेलो आणि दिवसभर बसलो. सहापैकी पाच मशीनं आज चालू आहेत. त्या दिवशी जे दिसलं आणि एरवी कामात जे दिसतं, त्याच्या आधाराने या मेसेजचा एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा ड्रायव्हर नसण्याचा. लिनक्समध्ये डिस्क कंट्रोलरचे, म्हणजे डिस्क मशीनला जोडणाऱ्या चिपचे, ड्रायव्हर कर्नलसोबतच (सिस्टिमच्या गाभ्यासोबतच) येतात. इंटेलचे जुने चिपसेट, व्हीआयए, एनव्हिडियाचे एनफोर्स, एसआयएस, सिलिकॉन इमेज, सगळ्यांचे ड्रायव्हर त्यात आहेत. शिवाय २००४ पासून एएचसीआय नावाचं प्रमाण आलं. ते पाळणारा कंट्रोलर कोणत्याही कंपनीचा असो, एकच ड्रायव्हर तो चालवतो. तुमच्या मशीनवर कोणता ड्रायव्हर लागलाय हे बघायला इन्स्टॉल करायचीही गरज नाही. पेनड्राइव्हवरून 'ट्राय' मोडमध्ये चालू करा, टर्मिनल उघडा आणि एलएसपीसीआय ही कमांड एन-एन-के हे पर्याय जोडून चालवा. सॅटा (आयडीईनंतर आलेली डिस्कची जोडणी) किंवा आयडीई कंट्रोलरच्या नावाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. त्यानंतर डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके चालवा. तिथे तुमच्या डिस्कच्या आकाराची एसडीए (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) दिसली, म्हणजे ड्रायव्हर आपलं काम करतोय आणि दोष दुसरीकडे आहे.

शाळेतल्या दुसऱ्या मशीनवर नेमकं हेच झालं. इन्स्टॉलर म्हणत होता डिस्क नाही, एलएसबीएलके म्हणत होतं आहे. सरांना विचारलं, ही मशीनं आली कुठून? एका ऑफिसने वापरून झाल्यावर देणगी दिली होती. मग वाइपएफएस ही कमांड नुसतीच, पुढे काही न लावता, एसडीएवर चालवली. अशी चालवली की ती काही पुसत नाही, डिस्कवर कसल्या खुणा आहेत तेवढं सांगते. उत्तर आलं: आयएसडब्ल्यू रेड मेंबर. त्या ऑफिसात ही डिस्क इंटेलच्या रेडमध्ये (अनेक डिस्क एक म्हणून चालवायची पद्धत) जोडीने लावलेली असणार. जोडीदार डिस्क कधीच गेली होती, पण रेडची खूण या डिस्कच्या शेवटच्या भागात तशीच राहिली होती. डिस्क फॉरमॅट केली तरी ती खूण पुसली जात नाही, कारण ती कोणत्याही पार्टिशनच्या आत नसते. इन्स्टॉलर ती खूण वाचून ही डिस्क सुटी नाही असं समजत होता आणि यादीत दाखवतच नव्हता. डिस्कवर ठेवण्यासारखं काही नाही याची सरांकडून दोनदा खात्री करून घेतली, मग वाइपएफएसला 'ए' पर्याय देऊन खुणा पुसल्या. इन्स्टॉलर पुन्हा उघडला, डिस्क समोर. हे करताना हात जपून चालवा. डिस्कचं नाव चुकलं तर भलत्याच डिस्कच्या खुणा जातील, आणि रेड खरोखर वापरात असेल तर डेटा हाताबाहेर जाईल.

याच मुद्द्यात एक जागा आहे जिथे मेसेज लिहिणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे, आणि बहुतेक तिथेच त्याचा गैरसमज झाला असावा. २०१६ ते २०२० च्या सुमाराच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमधला (मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमधला) स्टोरेज मोड 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' असा येतो. त्या मोडमध्ये काही मशीनांवर एनव्हीएमई एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) कंट्रोलरच्या मागे लपते आणि लिनक्सला ती खरंच दिसत नाही. पण उपाय बायोसमध्येच असतो: मोड बदलून एएचसीआय करा. मात्र त्याच लॅपटॉपवर विंडोज ठेवायचं असेल तर थेट बदलू नका, विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकेल. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मग एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलमध्ये 'बूट' टॅबवर 'सेफ बूट'ला टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय लावा. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये चालू झालं की ती टिक काढून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

आता २०२१ चा मुद्दा. हा वाचायला सगळ्यात पक्का वाटतो, कारण त्यात साल आहे. त्या वर्षी आलेल्या ५.१४ कर्नलमधून जुनं आयडीई ड्रायव्हरचं दालन काढलं, हे खरं. पण ते काढलं कारण त्याची जागा लिबएटीए या नव्या ड्रायव्हर-संचाने फार पूर्वीच घेतली होती. २००६ च्या २.६.१९ कर्नलपासूनच आयडीई डिस्कसाठी लिबएटीएचे ड्रायव्हर आहेत, आणि वितरणं (उबुंटू, डेबियनसारखी लिनक्सची तयार रूपं) कित्येक वर्षं तेच वापरत आली आहेत. चपट्या पट्टीच्या केबलवरची डिस्क आजही चालते. फरक नावाचा पडला: पूर्वी अशी डिस्क एचडीए म्हणून दिसायची, आता एसडीए म्हणून दिसते. एखाद्याने पंधरा वर्षांपूर्वीच्या सेटअपची फाइल जशीच्या तशी आणली आणि तिच्यात एचडीए लिहिलेलं असलं, तर बूट होताना डिस्क सापडणार नाही. तिथे यूयूआयडी (डिस्कवरच्या पार्टिशनचा ओळख-क्रमांक) लिहिला की प्रश्न मिटतो.

आयडीईवाल्यांनी दोन गोष्टी मात्र उघडून बघाव्यात. एका केबलवर डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोन्ही असतील तर मागचे जंपर (छोट्या पिनांवरच्या टोप्या) मास्टर-स्लेव्ह, म्हणजे पहिलं-दुसरं, असे नीट लावलेले आहेत ना, हे पहा. दुसरं, केबल ४० तारांची आहे की ८० तारांची. ४० तारांची असेल तर कर्नल स्वतःच संदेश देतो की वेग यूडीएमए ३३ या खालच्या पातळीवर आणला आहे. डिस्क दिसते, पण इन्स्टॉलेशन रखडतं.

खरोखर ड्रायव्हर काढल्याचं उदाहरण द्यायचंच असेल तर ते रेड हॅट या लिनक्स कंपनीचं द्यावं. २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मधून जुन्या स्टोरेज कंट्रोलरचे पुष्कळ ड्रायव्हर वगळले. सातपूरच्या एका कारखान्यात जुन्या टॉवर सर्व्हरवर आम्हाला हे भोवलं. एलएसआय कंपनीचा जुना एसएएस (सर्व्हरच्या डिस्कचा) कंट्रोलर होता, आणि रेड हॅटच्याच घराण्यातल्या वितरणाला एकही डिस्क दिसेना. तोच पेनड्राइव्ह पुसून डेबियन टाकलं, चारही डिस्क दिसल्या. ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये होता, त्या एका वितरणाने तो सोबत घेतला नव्हता. ज्यांना तेच वितरण हवं असतं त्यांच्यासाठी ईएलरेपो या साइटवर ड्रायव्हर डिस्क मिळतात. म्हणून एका वितरणाला डिस्क दिसली नाही, तर 'लिनक्सला दिसत नाही' असं म्हणण्याआधी दुसरं वितरण लावून बघा.

कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर आणायची सवय आपल्याला विंडोज एक्सपीने लावली. सॅटा डिस्क दिसली नाही की एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा, हे ज्यांनी केलंय त्यांच्या हाताला अजून आठवत असेल. लिनक्सवर साध्या डेस्कटॉपच्या डिस्कसाठी मला असं कधीच करावं लागलेलं नाही. उलट कोणत्याही साइटवरून 'लिनक्स डिस्क ड्रायव्हर' म्हणून काही उतरवून रूट (सर्वोच्च) अधिकाराने चालवणं धोक्याचं आहे.

आता एररचा मुद्दा, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण चांगल्या डिस्क याच समजुतीपायी फेकल्या जातात. अंबडमध्ये एका ओळखीच्यांचं टर्निंगचं वर्कशॉप आहे. त्यांचा ड्रॉइंगचा कॉम्प्युटर लिनक्स टाकताना मध्येच थांबायचा. कर्नलच्या संदेशांत लाल अक्षरांत तेच तेच येत होतं: 'रीड एफपीडीएमए क्यूड' फेल, लिंक रीसेट, पुन्हा फेल. त्यांच्या माणसाने डिस्क काढून टेबलावर ठेवलीसुद्धा होती. ती परत लावून मी स्मार्टसीटीएल या कमांडने तिची 'स्मार्ट' नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढली. त्यातले आकडे वाचता येणं महत्त्वाचं आहे. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्याने बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर. हे दोन्ही शून्य होते. १९९, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेला डेटा, तो आकडा मात्र चारशेच्या वर होता. डिस्कची तबकडी ठणठणीत, वाट खराब. कॅबिनेट उघडून पाहिलं तर सॅटा केबल पॉवर सप्लायच्या पंख्याला घासत होती आणि एका टोकाची क्लिप तुटलेली. शे-दीडशे रुपयांची नवी केबल लावली, इन्स्टॉलेशन एका दमात झालं. १९९ चा आकडा नंतर कमी होत नाही, तो आयुष्यभराची बेरीज असतो. तो वाढायचा थांबला की समजायचं दुरुस्ती झाली. महिन्याने फोन करून विचारलं, आकडा तिथेच होता.

केबल बदलूनही तेच एरर येत राहिले, तर पॉवर सप्लाय तपासा. एमआयडीसीत शेजारी वेल्डिंग सुरू झालं की दिवे मिणमिणतात. अशा जागी दहा-बारा वर्षं चाललेल्या सप्लायचे कपॅसिटर फुगलेले असतात, आणि डिस्कवर जोर आला की ती मध्येच गळते. शेवटचा तात्पुरता उपाय म्हणून बूटच्या ओळीत (मशीन चालू होताना कर्नलला द्यायच्या सूचनांत) लिबएटीए फोर्स हा पर्याय देऊन वेग १.५ जीबीपीएसवर आणता येतो. काही जुने कंट्रोलर आणि नव्या एसएसडी यांचं तेवढ्याने जमतं.

एक एरर तर डिस्कचा नसतोच. 'स्क्वॉशएफएस एरर' आला की तो तुम्ही ज्या पेनड्राइव्हवरून बूट केलंय त्याचा, किंवा कधी रॅमचा असतो. आयएसओची (उतरवलेल्या इन्स्टॉलर फाइलची) शा-२५६ बेरीज साइटवरच्या आकड्याशी जुळवा, पेनड्राइव्ह बदला, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसून पुन्हा बसवा. पावसाळ्यानंतर इगतपुरी-त्र्यंबककडच्या मशीनांना याचा हमखास फायदा होतो.

इन्स्टॉलेशन नीट होऊन दुसऱ्या दिवशी 'बूट डिव्हाइस नाही' आलं, तर आधी बायोसचं घड्याळ बघा. शाळेतल्या दोन मशीनांवर साल २००८ दाखवत होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, त्यामुळे रात्री वीज बंद केली की सकाळी बायोस मूळ सेटिंगवर जायचा आणि बूटचा क्रम बदलायचा. दोन सेल घातले, विषय संपला.

लिनक्समुळे डिस्क लवकर जाते, या म्हणण्याचं मूळ जुनं आहे. २००७ च्या सुमारास उबुंटू वापरणाऱ्या काही लॅपटॉपवर डिस्कचं वाचणारं हेड वारंवार पार्क होत होतं, म्हणजे बाजूला जाऊन थांबत होतं, आणि त्यावर मोठी चर्चा झाली. ती वीज वाचवण्याची आक्रमक सेटिंग होती. आज शंका असेल तर स्मार्टच्या नोंदीतला १९३ क्रमांक (हेड किती वेळा पार्क झालं) दोन दिवस लिहून ठेवा. झपाट्याने वाढत असेल तर एचडीपार्म या कमांडला कॅपिटल 'बी' पर्याय २५४ या आकड्यासह द्या, म्हणजे वीज वाचवण्याची ती सेटिंग सैल होते.

राहिला भंगाराचा सल्ला. काही मशीनं खरंच मार्गाच्या शेवटी आली आहेत, हे मला मान्य आहे. उबुंटूने ३२ बिटची (जुन्या प्रोसेसरसाठीची) डेस्कटॉप आयएसओ २०१७ मध्ये थांबवली आणि २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. सुरुवातीच्या पेंटियम ४ मशीनांना किंवा ॲटम एन२७० प्रोसेसर असलेल्या नेटबुकना आता पर्याय मोजकेच आहेत. पण कोअर टू ड्युओ ६४ बिट आहे. विंडोज ११ तिला घेत नाही, लिनक्स घेतं. चार जीबी रॅमवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप लावला तर मुलांना मराठी टायपिंग, स्क्रॅच (मुलांचं प्रोग्रामिंग) आणि स्प्रेडशीट आरामात करता येतं.

शाळेतल्या सहाव्या मशीनची डिस्क मात्र गेलेली होती. १९७ क्रमांकावर तीनशेच्या वर सेक्टर आणि डिस्कमधून टकटक आवाज. ती डिस्क काढून सरांना दिली. रॅमची एक पट्टी चौथ्या मशीनला लावली. कॅबिनेट, मदरबोर्ड, मॉनिटर सगळं चांगलं आहे, म्हणून ते भंगारात न देता टेबलाच्या कडेला ठेवलंय. गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने १२० जीबीची एसएसडी देतो म्हटलंय. ती आली की पुन्हा एका रविवारी जायचंय.